एकच जादू, तीनदा

इलेक्ट्रिक गिटार वायर न जोडता वाजवून बघा. तारा जीव तोडून थरथरतात, पण पंखा चालू असेल तर वाजवणाऱ्यालाही धड ऐकू येत नाही. पोटात पोकळीच नाही, तर आवाज घुमणार कुठे? हीच गिटार अँपला जोडली की लालबागच्या चाळीतला अख्खा मजला गॅलरीत येतो. असं झालं तरी काय?

तारांखाली डोकावा. तिथे लोहचुंबक आहेत आणि त्यांच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढे घालून बसली आहे. हा पिकअप. वर पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र डळमळतं आणि वेटोळ्यात वीज उमटते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवली ती हीच किमया. नायलॉनची तार लावलीत, तर पिकअप ढिम्म! त्याला आवाजाशी देणंघेणंच नाही, फक्त लोखंड हललेलं कळतं.

आपल्या मिरवणुकांतला बेंजो आठवा. त्याचा पूर्वज तायशोगोतो १९१२ साली जपानात, नागोयाला जन्मला. नाजूक आवाजाचं घरगुती वाद्य ते. इथे त्याला पिकअप लागला आणि ते ढोल-ताशाच्या गर्दीतही उठून वाजू लागलं!

पिकअपमधली चिमूटभर वीज अँप फुगवतो आणि स्पीकरला देतो. स्पीकर उघडला तर आत काय? पुन्हा वेटोळं, पुन्हा चुंबक! फक्त इथे उलटा कारभार: वीज आली की वेटोळं हलतं आणि त्याला जोडलेला कागदी शंकू हवा ढकलतो.

आता समोर माईक धरा. साध्या डायनॅमिक माईकमध्ये पातळ पडदा, त्याला चिकटलेलं वेटोळं आणि... ओळखलंत ना? चुंबक! म्हणजे माईक हा उलटा चाललेला स्पीकरच. पटत नाही? १९६६ मध्ये बीटल्सच्या ‘पेपरबॅक रायटर’साठी त्यांचा ध्वनिमुद्रक जेफ एमरिकने बास गिटारच्या अँपसमोर चक्क एक स्पीकर माईक म्हणून लावला होता.

पण दहा बाय बाराच्या खोलीत या माईकने गिटार रेकॉर्ड करताना शेजारच्या कुकरच्या शिट्टीचं काय करायचं? माईक अँपच्या जाळीपासून दोन बोटांवर ठेवायचा. गिटार इतकी जवळून येते, की शिट्टी तिच्यापुढे किरकोळ ठरते. भिंतींवरून परतणाऱ्या आवाजासाठी मागे आजीची गोधडी टांगायची.

खरी गंमत पुढेच आहे. माईक शंकूच्या मधोमध धरा, आवाज धारदार येतो. तीन बोटं कडेला सरकवा, तोच आवाज मऊ, गोल होतो. का? उंच स्वरांना सगळा शंकू एकजुटीने हलत नाही. ते मधल्या भागातून टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर सुटतात. कडेला उभ्या माईकला त्यांचा वाटा कमी मिळतो. शिवाय समोरचंच जास्त ऐकणारा, एकदिश माईक जितका जवळ न्याल, तितका खर्ज फुगतो. म्हणजे अँपची एकही खुंटी न फिरवता आवाज बदलला!

शुअर कंपनीचा एसएम ५७ हा साधा माईक १९६५ पासून जगभरच्या अँपसमोर असाच उभा आहे. तेव्हा नवा, महागडा माईक घ्यायला लॅमिंग्टन रोडवर निघण्याआधी एवढं करा: घरातला माईक बोटभर सरकवा, रेकॉर्ड करा, ऐका. मग पुन्हा बोटभर.