असं का होतं? : मेचं ऊन, ऑगस्टचा रिपोर्ट

मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो. त्या उन्हाचा आणि बाप होण्याचा संबंध आहे. शुक्रजंतू घडायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. म्हणून तर वृषणं शरीराबाहेर असतात. त्यांच्याकडे जाणाऱ्या रोहिणीला परतीच्या नीलांचं जाळं वेढून असतं. गरम आणि गार पाण्याच्या नळ्या एकमेकींना चिकटवाव्यात तसं आत जाणारं रक्त वाटेतच निवतं. घट्ट जीन्स, ट्रॅक्टरची तापलेली सीट, भट्टीजवळचं काम, एवढंच काय चढलेला तापसुद्धा ही व्यवस्था बिघडवतो.

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, पक्व व्हायला आणखी दोनेक आठवडे; म्हणजे मेच्या उन्हाचा परिणाम ऑगस्टच्या वीर्यतपासणीत दिसतो. म्हणून तंबाखू, सिगारेट, दारू सोडायची तर तीन महिने आधीच. कपाशीवर कीटकनाशक फवारताना हातमोजे, मास्क हवेतच. व्यायामशाळेत मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर घेऊच नयेत. बाहेरून हार्मोन आलं की मेंदू वृषणांना आदेश देणं थांबवतो, आणि शुक्रजंतू जवळपास संपतात.

वर्षभरात दिवस गेले नाहीत, तर आपल्याकडे आधी सुनेला दवाखान्यात नेतात. वीर्यतपासणी सोपी आहे, वेदनाही नाहीत. दोघांची तपासणी एकदमच करा.