बोटांनी वाचणारी आमची लेक

वर्षावास सुरू झाला की आमच्या वस्तीतील विहारात रोज सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. गेल्या वर्षावासात एके दिवशी वाचन चालू असतानाच वीज गेली. उपासक-उपासिकांत चुळबुळ झाली, कोणी मेणबत्ती शोधू लागले. पण वाचन थांबले नाही. त्या दिवशी वाचनाला बसली होती आमच्या वस्तीतील एक जन्मांध मुलगी. मांडीवर जाड कागदांची चळत, त्यावर फिरणारी बोटे आणि काळोखात येणारा खणखणीत आवाज!

ही मुलगी आता बारावीत आहे. वडील सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते. वंदना आटोपल्यावर मी तिला म्हणालो, “बाळ, आज तू आम्हाला जिंकलेस.” ती हसली. म्हणाली, “काका, सातवी संपली तेव्हा मला वाटलं होतं, झालं, आता आपलं वाचणं संपलं.” मग तिने पाच वर्षांपूर्वीची हकिकत सांगितली.

सातवीपर्यंत ती अंध मुलींच्या निवासी शाळेत होती. तिथेच ती ब्रेल शिकली. ही लिपी शोधली लुई ब्रेल या फ्रेंच मुलाने. त्याचा बाप घोड्यांचे चामडी साज बनविणारा कारागीर. तीन वर्षांचा असताना बापाच्या कारखान्यातील हत्यार डोळ्यात लागून लुई आंधळा झाला आणि १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. तीच आज मराठीलाही चालते. लिहिताना कागदावर उजवीकडून डावीकडे टोचायचे, कागद उलटायचा आणि उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचायचे. “‘भीम’ लिहायला सात ठिपके लागतात काका. मी शिकले त्यातला पहिला आवडता शब्द!” ती म्हणाली. गणितासाठी अष्टकोनी भोकांची पाटी असते. तीत धातूचे खिळे बसवून बेरीज-वजाबाकी करायची.

सातवीनंतर ती शाळा संपली. पुढे डोळस मुलांच्या हायस्कुलात जायचे होते. तिथे ब्रेलची पुस्तके नाहीत, फळा दिसत नाही. नातेवाईक घरी जमले. एक म्हणाले, “सात इयत्ता झाल्या, पुष्कळ झालं.” दुसऱ्या आत्या म्हणाल्या, “मागच्या जन्माचं काहीतरी असेल, तेच भोगतेय पोर.” हे बोलणे बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरात झाले!

बंधूंनो, याच ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत खोडून काढला आहे. गरीब आणि दुबळ्या माणसांच्या दुरवस्थेची जबाबदारी समाजाने व शासनाने झटकण्यासाठीच असा विचार उपयोगी पडतो, असे त्यांनी दाखवून दिले. मुलीचे वडील फारसे शिकलेले नाहीत. पण ते एवढेच म्हणाले, “ताई, दोष पोरीचा नाही. पुस्तक नाही, हा दोष आहे.” आणि आठवीत नाव घातले.

आता आमची चूक सांगतो. त्या वर्षी विहारात गुणवंतांचा सत्कार झाला. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. तोच आदर्श ठेवून आम्ही सर्व मुलांना ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ दिला. तिलाही दिला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. घरी जाऊन तिने पाने चाचपली. “सगळी पाने गुळगुळीत होती काका. तुम्ही सगळ्यांनी मला ग्रंथ दिला, पण वाचून दाखवतो असं कोणीच म्हणालं नाही.” समितीत मीही होतो. मान खाली गेली.

वाट काढली ती तिच्याच शेजारच्या मैत्रिणीने. रात्री जेवणे झाली की ती मोठ्याने वाचायची आणि ही पाटीवर टोचून घ्यायची. असेच इतिहासाचे झाले, विज्ञानाचे झाले. आता मोबाईलही वाचून दाखवतो. पण दहावी गाठली ती मैत्रिणीच्या आवाजावर. परीक्षेला लेखनिक आणि वाढीव वेळ मिळाला. आणि त्या काळोखात तिने वाचलेली पाने कोणती? आम्ही दिलेल्या त्याच ग्रंथाची, तिने हाताने टोचलेली!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत त्यांच्यासाठी किमान ५ टक्के जागा आहेत. शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा असून त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांना आहे. आपल्या वस्तीत असे मूल असेल तर आधी दिव्यांगत्वाचा दाखला काढून द्या. घरच्यांना एकट्याने कचेरीत पाठवू नका, सोबत जा.

आणि सत्कार जरूर करा, पण हारासोबत रोजचा एक तास द्या. आम्ही आता विहारात रविवारी वाचन-मंडळ चालवतो. मुले वाचतात, ती टोचून घेते. तिला शिक्षिका व्हायचे आहे. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश डोळसांपुरता नव्हता.

जयभीम!