पद्मिनीची जमीन

भिवंडीत जुनी गाडी सांभाळायची म्हणजे पाण्याशी कायमचं वैर. कामवारी नदी गावाला लागून, दक्षिणेला खाडी, पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि सखल वस्त्यांत हमखास शिरणारं पाणी. रस्त्यावरचा चिखल गाडीच्या पोटाला चिकटतो आणि आठवडेच्या आठवडे ओला राहतो. अशा गावात कुणाच्या दारात आजोबांची पद्मिनी उभी असेल, तर तिचा रंग नंतर बघावा. आधी रबरी मॅट उचलून खालचा पत्रा बघावा.

ही गाडी आपल्या शेजारचीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. आधी फियाट ११०० या नावाने, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळीपिवळी रस्त्यावरून गेली. आता उरल्या त्या लोकांनी घरी हौसेने जपलेल्या.

जीपला खाली वेगळी चासी असते. वरचा डबा सडला तरी चासी गाडी तोलून धरते. पद्मिनीला अशी वेगळी चासी नाहीच. जमीन, मधला बोगदा, दारांखालच्या पोकळ पेट्या आणि छताचे खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. जमीन सडली की दार नीट लागेनासं होतं, सीटचे बोल्ट सैल होतात, जॅक लावला तर तो आत घुसतो. अपघातात काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

पाणी बहुतेक वेळा वरूनच येतं. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन फटी पडतात, दाराच्या तळाची भोकं मातीने बुजतात, आणि झिरपलेलं पाणी मॅटखालच्या नमद्यात मुरतं. नमदा सुकत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा किती तरी जास्त जागा व्यापतो, म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात शिरला की त्यांना एकमेकांपासून उचकटून काढतो. खात्री करायची तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावं. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. टोक दाबलं की लाल भुगा पडतो.

इथे बहुतेक जण चुकीचा रस्ता धरतात. भोकावर पत्र्याचा तुकडा मारायचा, वरून डांबर फासायचं, की झालं. खालचा गंज तसाच राहतो आणि डांबराखाली ओल कोंडून आणखी पसरतो. माझं मत ठाम आहे: चकाकतं लोखंड लागेपर्यंत कापायचं, मगच नवा पत्रा.

कापण्याआधीची तयारी हेच खरं काम. बॅटरी सोडायची, सीट आणि नमदा काढायचा, पेट्रोलची टाकी उतरवायची, जमिनीखालून जाणारी पेट्रोलची आणि ब्रेकची नळी बाजूला करायची. गाडी समपातळीत स्टँडवर घ्यायची आणि दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे वेल्ड करून तिला आधार द्यायचा. दारांच्या फटी मापून लिहून ठेवायच्या. एका वेळी एकच बाजू कापायची. दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर बॉडी वाकते आणि मग दारं कधीच जुळत नाहीत.

शाबूत जागी मूळ पत्र्याची जाडी मोजून तेवढाच सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्यावा. बहुधा १८ ते २० गेज, म्हणजे साधारण १.२ ते ०.९ मिलिमीटर. जुन्या जमिनीवर उठवलेल्या पन्हळी नव्या पत्र्यावरही उठवायलाच हव्यात. सपाट पत्रा चालत्या गाडीत डब्यासारखा वाजतो आणि लवतो. भिवंडीच्या हायवेवर ट्रकच्या बॉड्या बांधणारे कारागीर हे काम हातोडीने करू शकतात, पण ट्रकच्या जाड पत्र्याची सवय असलेला हात इथे आवरावा लागतो. सीओटू वेल्डिंगचे छोटे टाके समोरासमोर, अंतर सोडून मारायचे. सलग ओढलं तर पत्रा तापून वेडावाकडा होतो. जस्ताचा पत्रा वापरायचा असेल, तर कडांवरचं जस्त आधी घासून काढावं. त्याचा धूर छातीत गेला तर ताप भरतो. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी हवाच.

कागदपत्रांची बाजूही आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला चालत नाही. म्हणून जमीन मूळ आकाराचीच बसवावी आणि कामाचे फोटो जपून ठेवावेत.

टाके घासले की रेड ऑक्साइड, जोडांवर सीलर, खालून अंडरकोटिंग आणि पोकळ पेट्यांत आतून मेण. पाणी काढायची भोकं मोकळी ठेवावीत. मॅट घालण्याआधी काचेची आणि दारांची रबरं बदलून गाडीवर पाण्याचा पाइप सोडावा, आत बसून टॉर्चच्या उजेडात थेंब कुठून येतो ते शोधावं. आणि नमदा मात्र जुना पुन्हा घालू नये.