तानसा जलाशयाची सहल

कल्याण-डोंबिवलीकरांनी कसारा लोकलने आटगाव गाठून तेथून मिळेल त्या वाहनाने तानसा जलाशयाकडे जावयाचे ठरविल्यास, १८९२ साली पूर्ण झालेले हे दगडी धरण मुंबईस पिण्याचे पाणी पुरविते आणि भोवतालचे रान अभयारण्य आहे, हे प्रथम ध्यानी घेऊन पोहण्याचा बेत सर्वस्वी वर्ज्य करावा व वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी. सागाची पानगळ होऊन रान विरळ होते तो हिवाळ्याचा उत्तरार्ध मला पक्षिनिरीक्षणास सर्वोत्तम वाटतो. कारण शतकाहून अधिक काळ नामशेष मानलेला, १९९७ साली खानदेशात पुन्हा आढळलेला आणि २०१४ साली येथेही दिसलेला दुर्मीळ रानपिंगळा, दिवसाउजेडी शिकार करणारा असल्यामुळे, निष्पर्ण फांदीवर शेपटी झटकीत बसलेला दिसण्याचा संभव असतो. शिदोरी व पाणी घरूनच न्यावे, कचरा परत आणावा.