कापूस, कॉटन आणि झाडावरची लोकर

यवतमाळ जिल्ह्यातील नेर परसोपंत आणि भोवतीच्या काळ्या जमिनीत कापसाचा व्यवहार एका शब्दावर भागत नाही. उभ्या पिकाला पऱ्हाटी, फळाला बोंड, वेचून घरात आणलेल्या मालाला कापूस आणि त्यातून सरकी निघाल्यावर उरणाऱ्या तंतूंना रुई म्हणतात. उत्तर युरोपच्या थंडीत हे पीक येत नाही, त्यामुळे तेथे माल बाहेरून आला आणि बहुधा मालाबरोबर नावही आले. ते नाव कोणत्या वाटेने आले, हे त्या त्या भाषेतील शब्द पाहिला की बऱ्याच अंशी उलगडते.

आज सर्वाधिक पसरलेला शब्द अरबीतील ‘कुत्न’ हा आहे. मध्ययुगात अरबांनी स्पेन आणि सिसिली येथे कापसाची लागवड रुजवली, तेव्हा इटालियनमध्ये ‘कोतोने’, फ्रेंचमध्ये ‘कोतों’, डचमध्ये ‘काटून’ आणि इंग्रजीत ‘कॉटन’ अशी रूपे तयार झाली. स्पॅनिशमधील ‘आल्गोदोन’ आणि पोर्तुगीजमधील ‘आल्गोदांव’ यांत अरबीचे ‘अल्’ हे उपपद, म्हणजे नामाआधी लागणारा छोटा निर्देशक शब्द, नामालाच चिकटून राहिले आहे. अरबी बोलणाऱ्यांच्या शेजारात शतकानुशतके राहून शब्द कानांनी उचलल्याची ही खूण होय. येथे मराठी वाचकाला ‘कातणे’ आठवण्याचा मोह होतो, परंतु ते क्रियापद सूत काढणे या अर्थाच्या संस्कृत ‘कृत्’ धातूपासून आले असून ‘कॉटन’शी त्याचे साम्य केवळ नादाचे आहे.

जर्मन भाषेने कापसासाठी परका शब्द न घेता ‘बाउमवोले’, म्हणजे झाडाची लोकर, असा समास घडवला (‘काटून’ हा शब्द तेथेही पोहोचला, पण कापडापुरता). स्वीडिश ‘बूमुल’ याच घडणीचा, तर पोलिश ‘बावेऊना’ हा जर्मन शब्दाचाच अवतार आहे. मेंढीखेरीज लोकर ठाऊक नसलेल्या माणसाला बोंडातला कापूस दुसरे काय वाटणार? इ.स.पू. ५व्या शतकातील ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही भारतातील रानझाडांना मेंढीपेक्षा सरस लोकर येते, असे लिहून ठेवले आहे. हे वर्णन अगदीच भाबडे नाही, कारण देशी कापसाच्या एका प्रमुख जातीचे शास्त्रीय नाव ‘गॉसिपियम आर्बोरियम’ असे असून त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थ वृक्षासारखा असा आहे.

तिसरे कुळ इराणी भाषेतील ‘पंबक’ या शब्दाचे आहे. आजच्या ग्रीकमधील ‘वाम्वाकी’, रुमानियनमधील ‘बुंबाक’ आणि तुर्कीमार्गे सर्बियनमध्ये गेलेला ‘पामुक’ ही त्याची रूपे होत. मध्ययुगीन लॅटिनमध्ये रेशीमकिड्याच्या नावाशी गफलत होऊन ‘बॉम्बाक्स’ हे रूप रूढ झाले आणि त्यातून निघालेला इंग्रजी ‘बॉम्बास्ट’ हा शब्द १६व्या शतकात अंगरख्यांत ठासून भरायच्या कापसासाठी वापरला जाई. पुढे कापूस गळून गेला आणि पोकळ, फुगवलेले भाषण एवढाच अर्थ मागे राहिला.

या सर्वांहून जुनी वाट मात्र भारतातून निघते. संस्कृत ‘कर्पास’ प्राकृतात ‘कप्पास’ होऊन मराठीत ‘कापूस’ झाला, आणि तोच शब्द पश्चिमेकडे जाऊन हिब्रूत ‘कर्पस’, ग्रीकमध्ये ‘कार्पासोस’ व लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’ या रूपांत स्थिरावला. ‘कर्पास’ मुळात संस्कृतचाच की आग्नेय आशियाई कुळातील एखाद्या भाषेतून तेथे आलेला, याविषयी भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. रोमन कवींच्या हाती ‘कार्बासुस’चा अर्थ तलम वस्त्र आणि नंतर जहाजाचे शीड इतका सरकला की कापसाशी त्याचा संबंधच सुटला. अरबी शब्द युरोपात टिकला, भारतीय शब्द टिकला नाही; याचे कारण बहुधा हे की अरबांनी पीकच नेले होते आणि भारतातून मुख्यतः कापड गेले होते, व कापडाचे नाव फॅशनबरोबर बदलत जाते.

वऱ्हाडात आता उलटी स्थिती दिसते. २००२ नंतर पसरलेले बीटी संकरित वाण बहुतांशी ‘हिर्सुटम’ या मूळच्या अमेरिकी जातीचे आहेत, पण शेतात त्यांनाही पऱ्हाटीच म्हणतात. त्याच रुईचे लुगडे दुकानात आले की ते ‘कॉटनची साडी’ होते, आणि अरबांचा शब्द युरोप फिरून नेरच्या बाजारात विकला जातो.