सांडपाण्यावरचे हिरवे शेत

वाचकहो, ओढ्यात किंवा तळ्यात पाण्यावर पसरलेला हिरवा थर आपण पाहिलाच असेल. नितळ पाण्यावर तो सहसा दिसत नाही. गटार येऊन मिळते तिथे मात्र फोफावतो. असे का बरे व्हावे?

शेतकऱ्याला हे कोडे नाही. जिथे खत, तिथे पीक! मलमूत्र, खरकटे आणि शेतातून वाहून आलेले खत यांत नत्र व स्फुरद असते. शेतात जी लक्ष्मी, तीच तळ्यात गेली की अवदसा. त्यावर शेवाळ माजते, मरते, कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात.

मग हे खत पाण्यातून काढावे कसे? फडक्याने गाळून निघायचे नाही, कारण ते मिठासारखे विरघळलेले असते. पण झाडाची मुळे ते ओढून घेतात. दोन तरंगत्या वनस्पती या कामी विशेष उपयोगी. एक जांभळ्या फुलांची, फुगीर देठांची जलपर्णी. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. दुसरी मसुरीच्या डाळीएवढ्या पानांची. शास्त्रात तिला लेम्ना म्हणतात. हवा मानवली तर ही दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. शिवाय मुळांना चिकटलेले सूक्ष्म जंतू घाण कुजवतात आणि थोडा नत्र हवेत सोडून देतात.

हे नुसते पुस्तकी ज्ञान नव्हे. अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेने १९७० च्या दशकात मिसिसिपी राज्यातल्या आपल्या केंद्राचे सांडपाणी जलपर्णीच्या तळ्यांतून शुद्ध केले. बांगलादेशात मिर्झापूर येथे रुग्णालयाच्या सांडपाण्यावर लेम्ना वाढवून ती माशांना खाऊ घातली गेली.

मात्र यात एक अट आहे, तीच मुख्य. काढणी झालीच पाहिजे! पीक उभे ठेवून कणगी भरते का? वनस्पती तिथेच मेली, कुजली, तर घेतलेले सारे पाण्याला परत देते. स्फुरद हवेत उडून जात नाही. तो पिकाबरोबरच बाहेर काढावा लागतो. म्हणून नेमाने थोडी थोडी काढावी आणि कंपोस्टच्या खड्ड्यात घालावी. तळ्याचा घात करणारे खत असे पुन्हा शेतात येते.

काही पथ्ये मात्र पाळा. कारखान्याच्या पाण्यात शिसे, कॅडमियम असू शकते. वनस्पती तेही शोषते. तसल्या पाण्यावरची वनस्पती गुरांना घालू नका, खतातही नको. जलपर्णी नदीत किंवा गावतळ्यात कधीही सोडू नका. तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि तिच्या मुळांशी डासांच्या अळ्या वाढतात. घरगुती खड्ड्यासाठी लेम्नाच बरी. आणि असे निवळलेले पाणी झाडांना घाला, पिऊ नका; रोगजंतू त्यात उरतातच.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, शाळेत हा प्रयोग करून पाहा. दोन पसरट भांड्यांत सारखेच सांडपाणी घेऊन उजेडात ठेवा. एकात लेम्ना सोडा, दुसरे उघडे असू द्या. भांड्यांना हात लावल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा. आठ-दहा दिवसांनी दोन्हींतल्या पाण्याचा रंग पाहा आणि फरक मुलांनाच सांगू द्या. गावचे गटार कुठे जाऊन मिळते, हा प्रश्न मग तीच मुले घरी जाऊन विचारतील.