सरासरी उतारा : मिश्रणाचे साधे गणित



"माझा ऊस बारा टक्क्यांचा, शेजाऱ्याचा नऊचा, म्हणजे सरासरी साडेदहा," असा हिशेब पारावर नेहमी ऐकू येतो. दोघांचे टन सारखे असतील तरच तो बरोबर. टन कमीजास्त असले की टक्क्यांची सरासरी काढून भागत नाही. आधी टक्क्यांची साखर करायची, मग बेरीज करायची.

१२ टक्के उतारा म्हणजे टनाला १२० किलो साखर; ९ टक्के म्हणजे ९० किलो. समजा, कारखाना दिवसाला ३,००० टन ऊस गाळतो आणि उतारा ११.५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. मग नऊ टक्क्यांचा कोवळा ऊस जास्तीत जास्त किती चालेल?

माहीत नसलेल्या आकड्याला 'क्ष' म्हणू. कोवळा ऊस क्ष टन, तर बारा टक्क्यांचा पक्व ऊस (३,००० − क्ष) टन. दोन्हींची मिळून साखर ३,००० टनांच्या ११.५ टक्के, म्हणजे ३४५ टन व्हायला हवी.

०.०९ क्ष + ०.१२ (३,००० − क्ष) = ३४५
३६० − ०.०३ क्ष = ३४५
०.०३ क्ष = १५
क्ष = ५००

ताळा करून पाहा. कोवळ्या ५०० टनांची साखर ४५ टन, पक्व २,५०० टनांची ३०० टन, बेरीज ३४५. गणित जुळले.

आता यातली गोम बघा. सगळा ऊस पक्व असता तर ३६० टन साखर झाली असती. सहा गाड्यांत एक गाडी कोवळी आली, तर एका दिवसात १५ टन, म्हणजे १५० क्विंटल साखर घटली! आणि उसाचा रास्त व किफायतशीर दर ठरतो तो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, एकट्या-दुकट्याच्या उसावर नव्हे. म्हणून ही घट कोवळा ऊस घालणाऱ्यालाही बसते आणि पक्व ऊस घालणाऱ्यालाही.

रान लवकर मोकळे करून गहू-हरभरा घ्यायची घाई असते, हे आम्हांस ठाऊक आहे. तरी लागणीची तारीख खरी नोंदवा, तोडीआधी रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स तपासून घ्या, वाढे आणि पाचट मोळीत जाऊ देऊ नका. तोडलेला ऊस फडात वाळत ठेवू नका. तो शिळा झाला की त्यातली साखर मोडते.

काट्यावर टन एकेकाचे मोजले जातात. उतारा मात्र सर्वांचा मिळून निघतो.